ताईआनहून आलेले मेसेज

"मृणालिनीताई, चारुता विमानातून उतरलीच नाही."

फोनवर चारुताच्या नवऱ्याचा, गुरुनाथचा आवाज अगदी सपाट होता. मृणालिनीने गाडी काढली. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या शवागारात डॉक्टर म्हणून आयुष्य घालवलेल्या मृणालिनीला असे सपाट आवाज ओळखीचे होते.

वेस्ट विंडसरमधल्या गुरुनाथच्या घरात सगळे पडदे ओढलेले होते. गुरुनाथ कालपासूनच्याच कपड्यांत बसला होता. शेजारी चारुताची मैत्रीण प्रीता होती. ती जवळच्या एडिसन गावाहून भाड्याच्या गाडीने आली होती.

"एअरलाइन काय म्हणते?" मृणालिनीने विचारलं.

"म्हणे ती जातानाही विमानात बसली नव्हती. पण रोज मेसेज येत होते ताईआनहून. फोटोसकट."

चीनमधलं ताईआन हे पवित्र ताई पर्वताच्या पायथ्याचं शहर. तो पर्वत चढून सूर्योदय बघायचा, ही चारुताची जुनी इच्छा होती.

"तिला शेवटचं कोणी पाहिलं?"

"मीच. प्रिन्स्टन जंक्शनला सोडलं. तिथून ती ट्रेनने एअरपोर्टला जाणार होती." गुरुनाथने मान खाली घातली. "आदल्या दिवशी आमचं भांडण झालं होतं. शेजाऱ्यांनी ऐकलंय. पोलिस पुन्हा येणार आहेत, माझ्यासाठी."

"भांडण कशावरून?"

"ती नीट सांगेना म्हणून. ती नि प्रीता एडिसनहून शॉपिंग करून आल्या, त्या संध्याकाळपासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं. विचारलं की म्हणायची, निघण्याआधी एक काम उरकायचंय."

"ट्रिपचं टेन्शन असेल," प्रीता म्हणाली. "मी पाठदुखीमुळे कॅन्सल केलं ना, एकटीने जावं लागणार होतं तिला. भाऊजी, तुम्ही उगाच घाबरताय. परत यायचं तिच्या मनात नसेल एवढ्यात. त्या बाहुलीवाल्याने गाढवाची बाहुली हातात दिली तर लहान मुलीसारखी खूश झाली होती."

गुरुनाथने नुसती मान हलवली. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं.

"मेसेज दाखवा," मृणालिनी म्हणाली.

"माझा फोन काल एअरपोर्टवरच बंद पडला, तुम्हाला लँडलाइनवरून लावला. आत चार्जिंगला लावलाय."

मृणालिनीने फोन आणून सुरू केला. ताईआनच्या दाई मंदिरातले जुनाट वृक्ष. दगडात कोरलेली लाल अक्षरं. शिखरावर भाड्याचे जाड कोट घालून सूर्याची वाट बघणारे लोक. चारुता मात्र एकाही फोटोत नव्हती.

"व्हिडिओ कॉल?"

"नेटवर्क नाही म्हणायची."

एका मेसेजवर मृणालिनी थांबली. तिने तो मोठ्याने वाचला. "'इथली पातळ भाकरी कांद्याची पात गुंडाळून खाल्ली. काय चव होती.' गुरुनाथराव, चारुता चातुर्मास पाळायची ना?"

"लग्नापासून. कांदा-लसूण घरातसुद्धा येत नाही."

"आणि आता ऑगस्ट आहे."

तेवढ्यात फोन वाजला. रात्रभर अडकलेला मेसेज आता आला होता. मृणालिनीने तो वाचला आणि फोन मांडीवर उलटा ठेवला.

"प्रीता, बाहुल्यांचं तुला कोणी सांगितलं?"

"भाऊजींनीच."

"मी?" गुरुनाथने वर पाहिलं. "कुठल्या बाहुल्या?"

"मेसेज आत्ता आलाय," मृणालिनी म्हणाली. "'इथे आणखी राहते. छायाबाहुल्यांचा खेळ पाहिला, बाहुलीवाल्याने गाढव हातात दिलं.' हा गुरुनाथरावांनी वाचलेलाच नाही. वाचला असेल असं फक्त पाठवणारीला वाटणार."

"मला... तिने मलाही पाठवला होता."

"मग दाखव."

प्रीताने पर्स घट्ट धरली.

"ताईआनला जाऊन काय काय बघायचं, ते तुम्ही दोघींनी मिळून ठरवलं होतं. तुला ते पाठ होतं, फोटो नेटवरून घेतलेस. तू कांदा खातेस, म्हणून तुझ्या हातून तो लिहिला गेला. तुझी गाडी कुठे आहे?"

"रिपेअरला."

"तुम्ही शॉपिंगला गेलात त्याच संध्याकाळी एडिसनला फिरायला निघालेल्या एका म्हाताऱ्याला गाडीने उडवल्याची बातमी होती. तो गेला, गाडी थांबली नाही. चारुता तुझ्या शेजारी बसली होती, हो ना? निघण्याआधी तिला पोलिसांकडे जायचं होतं. तेच तिचं काम. म्हणून तू तिला स्टेशनवर गाठलंस. हा मेसेज कुठल्या टॉवरवरून आला, ते पोलिस काढतील. ताईआन निघणार नाही, प्रीता."

प्रीताने पर्स खाली ठेवली.

"मी तिला म्हटलं, यार, आधी ट्रिप करून ये, मग बघू," प्रीता हळू आवाजात म्हणाली. "स्टेशनजवळच्या कालव्याच्या काठाने चालत होतो. तिने पोलिसांना लावायला फोन काढला. मी हिसकावला, ढकललं. डोकं दगडावर आपटलं तिचं. मग... पाणी जवळच होतं."

मृणालिनीने पोलिसांना फोन लावला. प्रीता जागची हलली नाही.

गुरुनाथ तिच्याकडे बघत होता. त्याने एवढंच विचारलं, "काय म्हणत होती ती, शेवटी?"

प्रीताने तोंड फिरवलं. "त्या म्हाताऱ्याच्या बायकोला, कोणी उडवलं ते, निदान कळायला तरी हवं, म्हणाली."