तांबड्या जाळ्यांची खाडी

संत्र्याच्या बागा मोहरल्या की त्या खाडीवर मधुर गंधाचे जणू वस्त्र पसरते. परंतु त्या सकाळी धक्क्यावर दर्प होता तो ओल्या रंगाचा. मत्स्यपालक गेंझो यांची कन्या कानाए जाळी तांबे मिसळलेल्या तांबड्या रंगात बुडवीत होती. पाण्यातील पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर शेवाळ-शिंपले चढू नयेत, म्हणून प्रतिवर्षीचा हा परिपाठ. इतक्यात एक बाटली घरंगळत तिच्या पायाशी आली. मागोमाग एक तरुण धावत आला.

“अहो, त्यात काय आहे? काळं काळं...”

“चिखल.”

“चिखल? आमचा चिखल चोरून कुठं नेताय, साहेब?”

“परत देईन—तपासून,” तो म्हणाला, आणि हसताना त्याची दृष्टी तिच्यावर क्षणभर अधिकच रेंगाळली.

त्याचे नाव शूहेई. मत्स्य-परीक्षण केंद्रात तो जीवाणूंचा अभ्यास करी. गेंझोंच्या माशांच्या अंगावर व्रण उठले होते, आणि पशुवैद्याचे औषध निष्फळ ठरले होते. हे नवलच होते. कारण जंतू औषधाला सरावतात ते औषध वारंवार चारल्याने; आणि गेंझोंनी आपल्या माशांना तोवर औषधाचा कणही चारला नव्हता, आणि त्याचा त्यांना सार्थ अभिमान होता. माशांची ही वीण गेली, तर खाडी सोडून शहरात जाण्यावाचून त्या कुटुंबाला गत्यंतर नव्हते.

शूहेई वारंवार येऊ लागला. होडी कानाए वल्हवी.

“तुम्ही पाण्याकडे बघायला येता की...?”

“पाण्याकडेच,” तो तिच्याकडे पाहत म्हणे.

तो आला नाही की तिचे चित्त कशातच लागत नसे; आला की हृदयाची धडधड वल्ह्याच्या तालाशी जुळत नसे.

एके दुपारी मात्र तो होडीत बसलाच नाही.

“कानाए... तुमच्या बाबांनी याआधी कधी औषध दिलं नाही, हे खरं. पण इथले जंतू तांब्याशी झुंजत वाढलेत. अंगात शिरलेलं तांबं बाहेर फेकायला शिकलेत. त्याच युक्तीनं ते औषधही बाहेर फेकतात. वर ही विद्या एकमेकांना वाटतात.”

“म्हणजे... आमच्या जाळ्यांनी केलं हे?”

“एकट्या तुमच्या नाही. सगळ्यांच्या जाळ्यांचा रंग, बोटींचा रंग... पण हो, तुमच्याही.”

“आणि हे तुम्ही उद्या सभेत सांगणार? सगळ्या गावासमोर? बाबांचं तोंड बघवेल तुम्हाला?”

“नाही बघवणार.” तो म्हणाला. “पण गप्प बसलो, तर तुझ्याकडे बघवणार नाही.”

ती तडक निघून गेली. सूर्य कलेपर्यंत ती धक्क्यावर येरझारा घालीत राहिली—बसे, उठे, पुन्हा चाले. त्याच्यावरचा राग शोधू जावे, तर हाती काही निराळेच लागे. अखेरीस ती पित्याजवळ गेली. परक्याच्या मुखातून ऐकण्याआधी त्यांनी हे आपल्या मुखातून ऐकावे, असे तिला वाटले.

गेंझोंनी हातातले तांबडे जाळे खाली ठेवले.

“औषधाला मी विष म्हणत आलो, पोरी... आणि पिंजऱ्याला विषाचंच कुंपण घातलं?”

दुसऱ्या दिवशी सभेत शूहेई उठण्यापूर्वीच वृद्ध गेंझो उभे राहिले. “या साहेबांचं नीट ऐका. मी यंदापासून रंग लावणार नाही.” सभेत कुजबुज झाली. कोणी हसले, कोणी मान खाली घातली.

अर्धी वीण गेली, अर्धी तगली. घर खाडीकाठीच राहिले.

त्यानंतर एका प्रसन्न प्रभाती कानाए बिनरंगाचे जाळे पाण्यातून काढीत असता शूहेई बाह्या सरसावून समोर उभा राहिला.

“साहेब, रंग नसला की जाळी सारखी ओढून उन्हात वाळवावी लागतात. ओली जाळी फार जड असतात बरं.”

“ठाऊक आहे.”

“थंडीत हात फुटतात. आणि तुमची बदली होईल.”

“ती नको, असं कळवून आलोय.”

तिचे हात थबकले. “का? इथल्या जंतूंसाठी?”

“जंतू कुठंही मिळतात, कानाए...”

जे कळायचे ते तिला कळले होते. आरक्त मुख किंचित फिरवून तिने जाळ्याचे दुसरे टोक त्याच्या हाती दिले.

“मग बघत काय उभे राहिलात? ओढा ना!”