मागच्या दाराचे ठोके

चहा पिऊन वस्ताद शेडमध्ये आला तो फक्त रंगाचा दुसरा हात मारायला. काम किरकोळ होतं. चिलखती गाडीचं इंजिन त्याने कालच मार्गी लावलं होतं. मागच्या जाड पोलादी दारावर बाहेरून रंगाचे दोन टवके उडाले होते, तेही घासून, पुट्टी भरून त्यावर पहिला हात दिला होता. दोनच टवके, कमरेच्या उंचीवर, बंदुकीचा दस्ता आपटल्यावर उडतात तसे. ते मोजून वस्तादला केवढं हायसं वाटलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्याचं असं आहे, की या गाडीच्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. गोळीबारात हाक मारून घसा फोडला तरी उपयोग नाही, म्हणून बाहेरचा माणूस दारावर ठोकतो. दोन ठोके म्हणजे सगळं ठीक, निघ. तीन म्हणजे थांब, दार उघड. हा नियम शेंबड्या रंगरूटालासुद्धा झोपेत पाठ असतो.

गाडीचा ड्रायव्हर वस्तादचा जावई. मागच्या दाराशी असायचा गप्पू. चणीने बुटका, आणि तोंडाची टकळी दिवसभर चालू, म्हणून गप्पू. मागच्या आठवड्यात पडक्या शाळेपाशी डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असताना हा पठ्ठ्या पुन्हा पुन्हा बाहेर उडी मारत राहिला आणि एकेका जखमीला पाठुंगळी मारून आणत राहिला. शेवटच्याला त्याने आत ढकललं, तेवढ्यात ड्रोन खाली झेपावलं. जावयाने दार लावलं. बाहेरून ठोके पडले आणि जावयाने गाडी काढली.

"दोन ठोके मारले. जा म्हणाला," जावयाने वर सांगितलं. गप्पूला मरणोत्तर पदक जाहीर झालं, साहेबांचं भाषण झालं, लोकांनी डोळे पुसले. जावयाच्या घशाखाली मात्र घास उतरेना. वस्तादची पोरगी पोटुशी, ती बापापाशी येऊन रडायची. "बाबा, हे झोपतच नाहीत हो. खाटेच्या कडेवर बोटाने ठोकत बसतात. दोन. मग तीन. मग माझ्याकडे बघतात."

वस्तादने डब्याचं झाकण उचकटलं, ब्रश बुडवला आणि दाराकडे वळला.

दारावर तीन टवके होते.

"कुठल्या गाढवाने हातोडी घातली रे इथे?" तो खेकसला.

कोपऱ्यातल्या वेल्डरने काळा चष्मा वर केला. "आत्ता तुम्ही उघडेपर्यंत शेडला कुलूप होतं, वस्ताद. किल्ली तुमच्याच कमरेला आहे."

वस्तादने चार शिव्या हासडल्या आणि पुन्हा पुट्टी भरून वर रंग फिरवला. भूत-बीत सगळं थोतांड, असं म्हणणारा माणूस तो. वेल्डर जेवायला गेला. उन्हाने पत्रे तडतडत होते. फडकं घ्यायला वस्ताद वळला, तोच मागून आवाज आला. टक… टक… टक.

रंग लागलेले पुट्टीचे ओले तुकडे त्याच्या चपलेवर येऊन पडले. दाराशी कोणी नव्हतं. रंगाच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता, जळलेल्या कापडाचा आणि केसांचा.

"गप्पू…" वस्ताद पुटपुटला. "तू आहेस का रे बाबा?"

जन्मात कधी गप्प न बसलेला माणूस आता नुसता ठोकत होता.

तेवढ्यात हेल्मेट काखेत मारून जावई आत आला. डोळे पार खोल गेलेले. त्याच पडक्या शाळेत अडकलेल्या उरलेल्या जवानांना आणायचा हुकूम सुटला होता. वस्ताद दाराला पाठ लावून उभा राहिला.

"मामा, गाडी झाली?"

"झाली, जावईबापू."

"दार तुम्हीच घासलंत ना?" जावयाचा आवाज एकदम खाली आला. "खुणा… किती होत्या?"

तीन म्हटलं तर हा माणूस इथेच मोडून पडेल, हे वस्तादला स्वच्छ दिसत होतं. पोरीचं काय होईल, तेही दिसत होतं. ओला रंग त्याच्या पाठीला थंडगार लागत होता.

"दोन," तो म्हणाला.

"शपथ?"

"पोरीची शपथ."

जावई लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मग वेल्डरने वस्तादसाठी आणून ठेवलेला गार चहा त्याने घटाघटा पिऊन टाकला, तोंड पुसलं आणि कित्येक दिवसांनी हसला. गाडी सुरू झाली. निघताना वस्तादने रिवाजाप्रमाणे दारावर दोनदा थाप मारली. तिसरी त्याने मारली नव्हती. ती पोलादाच्या आतून उमटून त्याच्या तळव्याला लागली. तो ओरडला, पण इंजिनाच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार?

गाडी दिवस मावळायच्या आत परतली. जखमी उतरवले, भराभर आत नेले. ड्रायव्हरच्या जागेवरून गनर उतरला.

"जावई कुठायत?"

गनर मान वर करेना. "सगळे आत आले होते, वस्ताद. दार लागलं होतं. आणि बाहेरून ठोके पडले… तीन. बाहेर कोणी उरलंच नव्हतं हो! मी म्हटलं, नको जाऊ. तो म्हणाला, मागच्या वेळी दोन होते म्हणून गेलो, आज तीन आहेत. आणि उतरला."

"मग?"

"मग ड्रोन आलं. मी… दार लागलं. त्याने दोन ठोके मारले. जा म्हणाला."

"दोन?"

"दोनच, वस्ताद. आईची शपथ."

वस्ताद गाडीच्या मागे गेला. सकाळचे टवके गायब होते. तिथला रंग गुळगुळीत होता, जसा काही कधी उडालाच नव्हता. पण बऱ्याच वर, जावयासारख्या उंच माणसाचा हात पोचेल तिथे, नवे टवके होते. ओळीने तीन.

"बाबा!"

पोरगी फाटकातून येत होती. बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. एक हात पोटावर धरून ती बापासमोर उभी राहिली.

"सगळे म्हणतात, ह्यांनी दोन ठोके मारले, जा म्हणाले. खरं ना, बाबा? तुम्ही दार बघितलंत ना?"

वस्तादने टवके झाकायला दारावर हात टेकला.

तेव्हा आतून, रिकाम्या गाडीतून, कोणीतरी अगदी निवांतपणे ठोकलं.

दोनदा.