एकतीस वेळा होय

"बा देवा म्हाराजा, ज्या कोणी खडपावरचो कंदील लावक नाय, तुझ्या तीन लेकरांका दर्यात घातल्यान, तेका तू बघून घे रे म्हाराजा..."

जत्रेत देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकराचा तो खर्जातला आवाज डॉ. हेमांगी मेथर यांच्या कानात एकतीस वर्षं होता. आणि त्यामागून लाटेसारखं येणारं सगळ्या गावाचं उत्तर, "व्हय म्हाराजा."

प्रयोगशाळेत काचेपलीकडे भिवा खवणेकर डोळे मिटून पडले होते. वय चौऱ्याहत्तर. कपाळावर स्मृतिदर्शकाची जाळीदार पट्टी. खडपावरचा, म्हणजे किनाऱ्याजवळच्या खडकावरचा, कंदील लावायचं काम एकतीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे होतं. एका संध्याकाळी हेमांगीच्या बाबांची होडी त्याच खडकावर फुटली. बाबा आणि दोन खलाशी गेले. सकाळी कंदील विझलेला सापडला. त्या दिवसापासून भिवाकाकांच्या होडीत कुणी पाय ठेवला नाही. त्यांचं एकच मागणं होतं. डोळे मिटण्याआधी नावावरचा डाग जावा.

पडद्यावर चित्र उमटलं. खडप, फेस, खांब. कंदील काळा.

"पुन्हा लावा," हेमांगी म्हणाली.

"तीनदा लावलं," डॉ. नाडकर्णी म्हणाले. "गावातल्या पाच जणांच्या आठवणीत हेच आहे. आता यांच्याही."

"यांनी स्वतःच्या हातानं लावला होता तो. वरचे थर काढा. खाली मूळ आठवण असेल."

"खाली काही नाही, हेमांगी. आपण वीस वर्षं थर थर म्हणत आलो, तिथेच चुकलो. आठवण बोलायला बाहेर काढली की मऊ होते, मळलेल्या मातीसारखी. तेव्हा आपण तोंडानं जे म्हणू ते तिच्यात मिसळतं आणि ती नव्यानं घट्ट होते. नवी जुनीच्या वर बसत नाही, जुनीच्या जागी बसते." त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "पुनर्लेखनाच्या खुणा मोज. एकतीस. दरवर्षी काय करत होता हा माणूस?"

हेमांगीला मोजायची गरज नव्हती. दर जत्रेला तेच गाऱ्हाणं घातलं जाई. देवासमोर गप्प राहणं म्हणजे देवाचा अपमान, म्हणून भिवाकाकाही गर्दीच्या कडेला, हात जोडून उभे राहत. आपल्यावरच्याच आरोपाला सगळ्यांबरोबर म्हणत, व्हय म्हाराजा.

"म्हणजे ज्याच्यावर बोट ठेवलं, त्याच्या आतूनही खरं पुसलं गेलं."

"हो. आपण समजत होतो, आरोप माणसाच्या नावाला चिकटतो. तो तर मेंदूत घर करतो." नाडकर्णींनी चष्मा पुसला. "कधीच होय न म्हटलेला कुणी साक्षीदार असता तर त्याची आठवण शाबूत मिळाली असती. पण सगळं गाव होय म्हणालं."

नऊ वर्षांची असल्यापासून हेमांगी त्या गर्दीत नुसते ओठ हलवत आली होती. आवाज कधी काढलाच नाही. तिच्या डोळ्यांत तो कंदील अजून पिवळा, सरळ, निवांत जळत होता. आपल्याऐवजी यंत्रानं ते सांगावं, आपल्याला तोंड उघडावं लागू नये, एवढ्यासाठी तिनं अर्धं आयुष्य या पट्टीत ओतलं होतं.

भिवाकाका उठून बसले. त्यांनी काचेतून पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पट्टी काढून बाहेर आले, ती टेबलावर ठेवून चपला शोधू लागले.

"काका, थांबा. यंत्र चुकतं कधी कधी."

"नाय गो बाय. दिसलां माका." आवाजात राग नव्हता. मोकळं झाल्यासारखं काहीतरी होतं, तेच तिला सोसवेना. "इतकी वर्षां माका वाटायचां, कंदील मी लायलंय म्हणान. लोक खोटे वाटायचे. मीच खोटो. तुझ्या बापाशीक मीच मारलंय." त्यांनी तिच्यापुढे हात जोडले, जत्रेत जोडत तसेच. "गावाक सांग, भिवाचां समाधान झालां."

ते दाराकडे वळले. नाडकर्णींनी यंत्र बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे चालू," ती म्हणाली. तिनं ती पट्टी उचलून स्वतःच्या कपाळावर बांधली. आधी चित्र नोंदू दिलं. बोलल्यावर तेही मऊ होणार होतं. पडद्यावर खांब उजळला. भिवाकाका दारातच थबकले.

आणि मग, ज्या बोलीत ती घर सोडल्यापासून बोलली नव्हती त्या बोलीत, हेमांगी म्हणाली, "कंदील लागलेलो होतो, काका. मी खडपार उभी होतंय. बाबा पिऊन होते. बाटली मीच नेऊन दिलंय."