औरंगाबादची शेवटची जागा

माझी आणि संघपालची ओळख एका म्हशीनं करून दिली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्र्याण्णवचा पावसाळा होता. बारावीचा निकाल लागला होता आणि प्रवेशाच्या अर्जाला जोडायच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का हवा होता. बारामतीत न खेकसता शिक्का मारणारा अधिकारी एकच, गुरांचे डॉक्टर. त्यामुळे दवाखान्याच्या आवारात एका बाजूला गुरं उभी, दुसऱ्या बाजूला गुणपत्रिका घेऊन आम्ही. माझ्या शेजारच्या म्हशीनं मान वळवली आणि माझी झेरॉक्स निवांत तोंडात घेतली.

"अहो, ओढू नका! मार्कांसकट फाटंल ती," मागून आवाज आला.

मी वळले. अंगानं काटकुळा, केस तेलानं चप्प बसवलेले... आणि डोळ्यांत नुसतं हसू.

"हसताय काय? म्हैस तुमची हाय का?"

"न्हाय हो. मी बी शिक्क्यालाच आलोय."

त्यानं माझी मूळ गुणपत्रिका मागून घेतली आणि भिजत जाऊन समोरच्या दुकानातून नवी झेरॉक्स आणली. ती देताना म्हणाला, "माझ्यापेक्षा एकच मार्क कमी हाय तुमचा. म्हशीनं खाल्ला असंल."

तो लोणी भापकरचा, मी अंथुर्ण्याची. दोघांनाही मेडिकल हुकणार आणि डेंटल मिळणार, हे त्या मार्कांवरून उघड होतं. मग यादी लागेपर्यंत 'चौकशी'च्या नावाखाली आम्ही बारामतीच्या एसटी स्टँडवर भेटू लागलो. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, कळलंच नाही. विषय मात्र एकच असायचा, कुठलं कॉलेज. आमच्या आवाक्यात दोन होती. एक औरंगाबादचं सरकारी, दुसरं लांब कुठंतरी नव्यानं निघालेलं.

"सरकारी ते सरकारी," मी म्हणायची. "तिथं पेशंटची रीघ असती. नव्या कॉलेजात प्लास्टरचेच दात कोरत बसायचं."

"कॉलेज काय करतंय, मेघना? हात आपला असतो."

ते पटवायला तो एकदा थेट आमच्या घरी आला. माझ्या वडिलांना, नानांना, कवळी होती. पण ती तोंडात कमी आणि सदऱ्याच्या खिशात जास्त असायची.

"नाना, कवळी कुणी केली?"

"लई मोठा डॉक्टर हाय. पाटीवर केवढ्या मोठ्या कॉलेजचं नाव हाय त्याच्या!"

"मग खिशात का?"

"टोचती रं."

संघपालनं माझ्याकडे पाहून भुवई उडवली. मला इतकं हसू आलं की मी पाण्याचा तांब्या घेऊन आत पळाले.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी तो स्टँडवर भेटला. बराच वेळ गाड्यांच्या पाट्या वाचत बसला. मग खाली बघत म्हणाला, "मला कुठलं बी कॉलेज चालंल... पण एकाच कॉलेजात जाऊ. जमंल?"

मी "व्हय" म्हणाले. मनापासून म्हणाले.

मुंबईत प्रवेशाच्या सभागृहात नंबरानं पुकारा होई. समोर मोठा फळा होता. प्रत्येक कॉलेजपुढे उरलेल्या जागांचा आकडा. जागा गेली की कारकून आकडा पुसून नवा लिही. आमच्या प्रवर्गाच्या यादीत संघपालच्या पाठोपाठच माझं नाव होतं. त्याचा पुकारा झाला तेव्हा फळ्यावर होतं — औरंगाबाद एक, नवं कॉलेज दोन.

तो फळ्याकडे बघत राहिला. औरंगाबाद त्याच्या हक्काचं होतं. पण ते त्यानं घेतलं असतं, तर माझ्यासाठी तिथं काही उरलं नसतं.

"नवं कॉलेज," तो म्हणाला. कारकुनानं दोनाचा एक केला. संघपालनं वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसला, म्हशीपाशी हसला होता तसाच.

मग माझं नाव आलं. औरंगाबाद एक, नवं कॉलेज एक.

मी सोबत आलेल्या नानांकडे पाहिलं. "आमाला काय कळतंय त्यातलं? तुला जे वाटंल ते," ते म्हणाले. आज त्यांच्यावर ढकलता आलं असतं, तर किती बरं झालं असतं!

"औरंगाबाद," मी म्हणाले.

एवढी चांगली जागा समोर असताना सोडवली नाही मला. परत वळले तेव्हा संघपाल फळ्याकडेच पाहत होता. माझ्या मागच्या नंबरची निळ्या ओढणीतली मुलगी पुढे गेली आणि उरलेली जागा घेऊन आली.

जिन्यात त्यानं मला गाठलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाला. रागावला असता तर मी रडले तरी असते. पुढे मी त्याला तीन पत्रं लिहिली... एकही टाकलं नाही.

औरंगाबादला पेशंटची रीघ खरंच होती. मी शिकले आणि नव्व्याण्णवला इंदापुरात दवाखाना काढला. एका दुपारी एक बाई आल्या. कुशाबाई, लोणी भापकरच्या. इंदापुरात लेकीकडे आल्या होत्या. खालची हिरडी दुखत होती.

गाव ऐकलं आणि मी त्यांना कवळी काढायला सांगितली.

"कवळी कुणी केली, मावशी?"

"आमच्या संघपालनं. सोलापुरात असतो. त्योच म्हणला, इंदापुरात मेघना डॉक्टरकडंच जा."

मी कवळी हातात घेऊन उजेडात धरली. सगळीकडून बोट फिरवलं. पुन्हा तोंडात बसवून पाहिली. चूक सापडावी असं फार वाटत होतं मला. कुठंच नव्हती.

"रात्री काढून ठेवता ना?"

त्या लाजल्या. "लेकानं केलेली... काढाया मन होत न्हाय."

रात्रंदिवस कवळी घातल्यानंच हिरडी सोलवटली होती.

"एकटेच असतात का सोलापुरात?" मी हात धुता धुता विचारलं.

"न्हाय वो, लगीन झालं की! सून बी दाताचीच डॉक्टर हाय, त्याच्याच वर्गातली. ममईला, प्रवेशाच्या दिशीच वळख झाली म्हणं."

मी नळ तसाच चालू ठेवला. निळ्या ओढणीतल्या मुलीनं घेतलेली ती जागा आधी माझ्यापुढे आली होती.

"त्याला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"सांगा, मेघनाला कवळीला कुठंच कानस लावावी लागली न्हाय. आणि सांगा... कॉलेजचं तो म्हणत होता तेच खरं होतं."

"कॉलेजचं काय?"

"त्याला ठावं हाय, मावशी."

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची, हे मी त्यांना दोनदा बजावलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.