यादोरावांचा उजेड

सिनेमाचे छायालेखक यादोराव यांच्यावर माहितीपट करायचा म्हणून मी त्यांच्या गावी, करडीला गेले, तेव्हा शेतांत धान लोंबीवर आलं होतं. मी मूळची साकोलीची. कॅमेरा पुण्यात शिकले. तिथं प्रत्येक वर्गात त्यांचंच नाव, नटांना 'हलू नोको' म्हणायची त्यांची सवयही. डावीकडून येणारा, उतरत्या उन्हासारखा त्यांचा तिरपा उजेड. पुढच्या सगळ्यांनी तो उचलून पाहिला. जमला कुणालाच नाही.

त्यांच्यामागे घरात बहीण आनंदाबाई एकटीच राहत होत्या. भर दुपार होती. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. तरी तिथल्या रिकाम्या लाकडी खुर्चीवर डावीकडून पिवळसर उजेड पडला होता. मी छपराची कवेलू न्याहाळली. फट नव्हती. उजेडात हात धरला. ऊब नव्हती.

"दादा गेला तवापासून हाय," चहा देत आनंदाबाई म्हणाल्या. "मोठमोठे लोक येतत, उभ्यानंच फोटो काढतत. बसत कोनी नाई. तू बस न, माय."

मी बसले. मानेवर काहीतरी गार टेकल्यासारखं वाटलं. उठले तेव्हा खुर्ची अंधारात होती.

आनंदाबाईंनी खुर्चीवरून हात फिरवला. "लय एकटीनं सांभाळलं मी त्याले," त्या हळूच म्हणाल्या. "आता झोप लागन मले."

मी बाहेर पडताच आतून कडी लागली.

त्यानंतर मी काहीही चित्रित केलं, लग्न असो की कारखाना, तो उजेड येतोच. लोक म्हणतात, "हुबेहूब यादोराव!" कामं भरपूर मिळतात. माझं नाव मात्र कुणी घेत नाही. माझ्या फोटोंतही माझ्याआधी त्यांना उजेडच दिसतो. मला आरशात तो कधी दिसला नाही.

एकदा पुन्हा करडीला गेले. आनंदाबाईंनी दार अर्धंच उघडलं. चेहरा भरला होता, डोळ्यांत झोप होती.

"आता तो तुहा हाय," त्या म्हणाल्या. दार लोटून घेतलं.

काल संध्याकाळी नागपूरच्या माझ्या खोलीतली लाइन गेली. साकोलीहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मी तसाच अंधारात उचलला.

"किती साजरी दिसून राहिली!" आई म्हणाली.

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

आईचं हसू थांबलं.

"घरी कोनी आलं हाय का?"

"नाही. का गं?"

"मंग तुले 'हलू नोको' कोन म्हणून राहिलं?"