‘जुने पंप’ या नावाखाली

दार उघडलं तेव्हा मी अस्वलाच्या आवाजात बोलत होते.

ऑफिसातल्या नकाशांच्या खोलीत कोणी फिरकत नाही, म्हणून तिथे कपाटाला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. फोन तोंडाशी. "थांब, आता मी तुला खाऊनच टाकते…" आणि दारात एक उंच माणूस. हातात चिकटपट्ट्यांचं भेंडोळं, शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी तशीच.

"मला?" तो म्हणाला.

"नाही… ते… काही नाही." फोन पाठीमागे.

"बरं. या कपाटात काय आहे? वर काहीच लिहिलेलं नाही."

"जुने पंप."

"कपाटात?"

"पंपांचे कागद," मी म्हणाले आणि कानांच्या पाळ्यांपर्यंत तापले.

आमची कंपनी पंप बनवते. हजारो माणसं, आणि प्रत्येक विभागाची फाइलला नाव द्यायची आपली तऱ्हा. एकाच पंपाला तीन मजल्यांवर तीन नावं. ‘शेवटचा’, ‘शेवटचा नवा’, ‘हाच शेवटचा’ अशा फाइली, आणि त्यातल्या चुकीच्या फाइलवरून चुकीचे भाग रवाना व्हायचे. म्हणून कंपनीने त्या चिकटपट्टीवाल्याला आणलं. त्याने नियम केला: यापुढे प्रत्येक फाइलसोबत चार रकाने. काय आहे, कोणी केलं, कोणाला लागेल, किती काळ ठेवायचं. चारही भरल्याशिवाय फाइल साठवली जायची नाही. याला मेटाडेटा म्हणतात, माहितीबद्दलची माहिती. लोक त्या माणसालाच ‘रकाने’ म्हणू लागले. रकाने आले, पळा.

मीही म्हणायचे. इतकंच नाही, मी त्याला गोष्टीत घातलं.

त्याचं असं की लेकीचे बाबा आमच्याबरोबर राहत नाहीत आणि मी घरी पोचेपर्यंत मुंगी झोपलेली असते. मुंगी म्हणजे माझी लेक. गोष्टीशिवाय ती डोळा मिटत नाही. मग मी दुपारी गोष्ट बोलून ठेवायची आणि आईने रात्री तिला ऐकवायची. आईच्या फोनमध्ये जागा नाही, माझा मुंगीच्या फोटोंनी भरलेला. म्हणून सगळ्या गोष्टी ऑफिसच्या संगणकात, ‘जुने पंप’ या नावाखाली; तिथून रोज एकच आईला पाठवायची. ते कोण कशाला उघडेल?

गोष्टीत आता रकानेराजा होता. वेशीवर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, "तू कोण? कोणाचा? किती दिवस राहणार?" आधी त्याला मी गेंगाणा आवाज आणि लांबलचक नाक दिलं होतं. मुंगी हसून लोळायची म्हणे.

पण खरा राजा नकाशांच्या खोलीबाहेर रोज दुपारी दिसायला लागला. दारालगतच्या कपाटावर आधीच लावलेली पट्टी काढून पुन्हा लावायचा, सावकाश, कडा दाबत. मी आत बोलत असेपर्यंत कोणी आत येऊ नये म्हणून. हे मला फार उशिरा कळलं. मला, जिला लेकीचा श्वास जरा बदलला तरी जाग येते.

"अस्वल आज रजेवर?" तो विचारायचा.

"अस्वलाला मीटिंग आहे."

"अरेरे. मग माणसांना कोण खाणार?"

"तुमचे रकाने आहेत की."

हळूहळू राजाचं नाक लहान झालं. मग आवाज सुधारला. मग तो हरवलेल्या पिल्लांना घरी पोचवायला लागला…

आणि तो दिवस. मोठे साहेब, सगळे विभागप्रमुख, भिंतीभर पडदा. तो सांगत होता, नव्या पद्धतीत कुठलीही गोष्ट क्षणात सापडते. पंप बिघडला की आमचे लोक त्याचा आवाज टिपून ठेवतात, घरघरीवरून दोष ओळखतात.

"हे बघा. जुन्या पंपांचे आवाज," तो म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

"मुंगे, आई आजही उशिरा येणार हं… रडायचं नाही. आजीच्या कुशीत शिर बघू…"

माझा आवाज. साखरेत घोळलेला, थकलेला. सगळी खोली हसली. मागून कोणीतरी म्हणालं, "फोनवरच पोर वाढवतायत बाई."

त्याने ते बंद केलं, पण घाईत हात दोनदा चुकला. मी टेबलाच्या लाकडातल्या रेषा बघत राहिले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्या दिवशी खरंच वाटलं. हसण्याचं तेवढं नव्हतं. तो मागचा माणूस खोटं बोलला नव्हता.

साहेबांनी बजावलं, कंपनीचं नसेल ते सगळं आज संध्याकाळी पुसायचं.

मी सामान आवरत होते तेव्हा तो आला. माझ्याकडे बघवत नव्हतं त्याला.

"चूक माझी आहे. आधी उघडून बघायला हवं होतं."

"नाव मीच खोटं दिलं होतं."

"पुसण्याआधी घरी नेता येतील," तो म्हणाला. "फक्त… बाहेर जाणारी फाइल दुसऱ्या कोणीतरी ऐकून तपासायची, असा नियम आहे."

"कोणाचा?"

"माझाच." तो थांबला. "मी ऐकल्यासारखं करून सही करतो."

किती सोपं होतं. पण उद्या कोणी म्हणालं असतं, रकान्यांनी बाईसाठी नियम मोडला. मी खुर्ची पुढे ओढली.

"बसा. ऐका."

पहिल्याच गोष्टीत गेंगाणा राजा आला. मी तोंड ओंजळीत लपवलं. बोटांच्या फटीतून बघितलं तर त्याने हळूच स्वतःच्या नाकाला हात लावला होता.

"इतकं लांब आहे?"

"पुढे… पुढे लहान होतं."

तो पुढचं ऐकत गेला. नाक लहान झालं, पिल्लू घरी पोचलं. शेवटच्या गोष्टीत मुंगीच्या हट्टावरून मी म्हणाले होते, "राजा आपल्या घरी येईल का, ते मला नाही गं माहीत. आईला त्याला विचारायची लाज वाटते."

मी घाईने फाइल बंद केली.

मी रकाने भरायला घेतले. काय आहे: गोष्टी. कोणी केलं: आई. कोणाला लागेल: मुंगी.

"हा रकाना अपुरा आहे," तो म्हणाला. त्याचे कान माझ्या कानांइतकेच लाल. "मला… मलाही लागतील."

"तपासणाऱ्याला प्रत ठेवता येते?"

"नाही. नियम आहे."

"मग ऐकायला घरी यावं लागेल."

मान वर करायचा धीर झालाच नाही. खाली बघतच मी ‘मुंगी’च्या पुढे लिहिलं, ‘राजा’.

‘किती काळ ठेवायचं’ या शेवटच्या रकान्यात मी नुसतं प्रश्नचिन्ह टाकलं. दारात मुंगी उभी राहील, तिला प्रश्न पाठ आहेत. तू कोण, कोणाचा, किती दिवस राहणार… तिलाच विचारू दे.