तिसरा आला तर उचलतो

ये इश्वजित, बस. ती खताची पोती सरकव जरा तिकडं. लाईट गेलीया, इन्व्हर्टरवर ह्यो एकच बल्ब चालतो, तेवढ्यात भागवू. तुझा बा सकाळी म्हणला, पोरगं मंगळवारी कंपनीच्या टूरवर बालीला चाललंय, तिकडं फोन कसा वापरायचा ते समजावून सांगा. सांगतो की. त्यात लय डोकं लागत न्हाई. इथनंच पॅक टाकायचा, फोन चालू ठेवायचा, आणि घरनं फोन आला की पहिल्या रिंगला उचलायचा. पहिल्या. ह्ये शेवटचं तुला रिचार्जवाला सांगणार न्हाई, म्हणून मी सांगतोय.

हसू नको गड्या. ऐक आधी.

दोन वर्षं झाली, मीबी असाच गेलतो. बियाण्याचा कोटा उचलला म्हणून कंपनीनं व्हिएतनाम दिलं. वडूजच्या चौकात फ्लेक्स लागला, ‘नाथाजीशेठ यांना परदेश दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा’, काळा गॉगल लावलेला माझा फोटो. आता त्यो आठवला तरी तोंड लपवावं वाटतं.

आमची आई धोंडुबाई तवा वस्तीवर, धाकट्या भावाकडं, भाऊसोकडं होती. चार दिवसांपासनं तिला दम लागत होता. डॉक्टर म्हणले छातीत कफ हाय, गोळ्या द्या. मी निघताना पाया पडलो, तर माझा हात सोडंना. “जा बाबा, इमानात बसून ये. पर तिथनं फोन कर. समुद्र कसा दिसतुया ते सांग मला.” मी म्हणलं, रोज करतो. भाऊसो म्हणला, “दादा, पॅक टाका.” मी म्हणलं, हॉटेलात वायफाय असतंय, कशाला पायजे पॅक? साधा फोन चालू ठेवतो, निकडीला लागंल.

आता तुला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पायजे, न्हायतर पुढचं कळायचं न्हाई.

आमी धनगर. दिवाळी झाली की आई-आबा मेंढरं घेऊन घाटाकडं जायचे, कुणाच्यातरी रानात तळ टाकायचे, उघड्यावर झोपायचे. मी आईच्या कुशीत. अंधारातनं कुणी नावानं हाक मारली की आई माझ्या तोंडावर हात ठेवायची. ओ द्यायची न्हाई. दुसरी हाक आली तरी न्हाई. कानात म्हणायची, “मेलेल्याला दोनच हाका मारता येत्यात. तिसरी त्याला जमत न्हाई. जितं माणूस असंल तर तिसऱ्यांदा मारंल, तवा ओ द्यायची. आधी दिली तर त्याच्याबरोबर जावं लागतंय.” तिच्या हाताला मेंढराच्या लोकरीचा वास यायचा. श्वास कोंडून मी तिसरी हाक मोजायचो.

पुढं भाऊसोनं तिला बटणाचा फोन घेऊन दिला. तर म्हातारीनं त्योच नियम फोनला लावला! दोन वेळा वाजू द्यायचा, तिसऱ्यांदा आला की उचलायचा. “माणूस असंल तर लावंल की परत.” आधी आमी चिडलो, मंग चेष्टा केली, आणि शेवटी सगळ्या घराला तीच सवय लागली. आई कुणाला लावायची तरी तीनदा लावायची. दोनदा वाजला तर समजायचं, सहज लावलाय.

बरं. तिकडं पहिले दोन दिस भाऊसोच्या फोनवर वायफायवरनं आईशी बोललो. तिसऱ्या दिशी सकाळी बसनं आमाला समुद्राकडं नेलं. शेजारी खंडाळ्याचा उदयसिंह, आपला डीलरच, लय बोलका गडी. तिथल्या साडेदहाला बस धक्क्याजवळ आली आणि फोन वाजला. ‘आई’. मी नुसता बगत राहिलो. उदयसिंह म्हणला, “उचला की, नाथाजीराव.” मी म्हणलं थांब, आमच्यात तिसऱ्याला उचलत्यात. परत वाजला. त्योबी सोडला. आणि मी हसत हसत सगळ्या बसला सांगितलं, “तिसरा आला तर उचलतो.”

सगळी हसली रं. मीबी हसलो.

पाच-दहा मिनिटं वाट बगितली. तिसरा आला न्हाई. म्हणलं सहज लावला असंल, रात्री हॉटेलातनं बोलू. तेवढ्यात फोन कंपनीचा मेसेज पडला, परदेशात फोन उचलला तर इतकं लागंल न् तितकं लागंल. म्हणलं नको ती कटकट. आणि ह्याच हातानं फोन विमान मोडवर टाकला. काय अवदसा आठवली मला, देवालाच ठाऊक!

मंग बोटीत बसलो. तिथं समुद्रात डोंगरच डोंगर उभे, शेकड्यांनी. त्या दिशी धुकं असं पडलं की दुपार हाय का तिन्हीसांज, कळंना. गुहा दाखवायची म्हणून बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. एकदम सगळं गप. पाणी हालंना, वारा न्हाई. लोकं फोटो काढायचं थांबली. आणि मला वास आला... ओल्या लोकरीचा. समुद्राच्या मधोमध, गड्या.

खिशात फोन वाजला.

काढून बगितला तर ‘आई’. वर कोपऱ्यात विमानाची खूण तशीच, रेंजची एक काडी न्हाई. उदयसिंहनं वाकून बगितलं. हळूच म्हणला, “बंद हाय न्हवं ह्यो?...” माझ्या डोक्यात एवढंच आलं की तिसरा आला. उचलला.

पलीकडं रानातल्यागत वारं वाहत होतं. लांब कुठंतरी मेंढरं खाकरत होती. मंग आईचा आवाज, ताजा, दम लागायच्या आधीचा...

“नाथाऽऽ...”

मला ओ द्यायची होती रं. शप्पथ सांगतो. पर तोंडावर कुणीतरी हात ठेवल्यागत झालं. चाळीस वर्षांची सवय ती, जीभ उचलंना.

“नाथाऽऽ...”

दुसरी. मी तोंड उघडून तयार बसलो. आता तिसरी मार आई, मार, की लगेच ओ देतो. वारं वाहत राहिलं. तिसरी हाक आलीच न्हाई. मंग फोन आपोआप गप झाला.

तिथंच मला कळलं. मी बोटीतच खाली बसलो आणि रडायला लागलो. उदयसिंह पाठीवरनं हात फिरवत होता, “काय झालं, काय झालं” करत होता. मी म्हणलं, माझी आई गेली. तवा तिथं दुपारचे बारा, आपल्याकडं साडेदहा.

हॉटेलात येऊन वायफाय जोडलं तर भाऊसोचे मेसेजवर मेसेज. आई आपल्याकडच्या साडेनऊला गेली. मला उचलंना-उचलंना म्हणून सगळ्यांनी लावून बगितलं होतं. विमान मोडवर कसा लागणार?

दुसऱ्या दिशी विमान मिळालं. आलो तवा मातीबी झालती. भाऊसो कोपऱ्यात घेऊन गेला. म्हणला, “दादा, दोन झाल्यावर तिला लय धाप लागली. मी म्हणलं, दे, माझ्या फोनवरनं लावतो. तर दिला न्हाई. म्हणली, तिसरा माझ्याच नंबरवरनं गेला पायजे, तिसऱ्याला नाथा उचलंल. बोट बटणावर होतं दादा... दाबायला जोर राहिला न्हाई.”

पहिल्याला उचलला असता तर? पाच मिनिटं बोलली असती. समुद्र कसा दिसतुया, एवढंच तर इचारायचं होतं तिला. समुद्र माझ्या खिडकीतनं दिसत होता इश्वजित, आणि मी लोकांना हसवत होतो.

थांब, उठू नको. अजून एक हाय. ह्ये मी बायकोलाबी सांगितलं न्हाई.

माझ्या फोनात सगळे कॉल रेकॉर्ड होत्यात. शेतकरी फोनवर ऑर्डर देतो आणि मंग म्हणतो मी दिलीच न्हवती, म्हणून ठेवलंय. महिन्यानं कुणाची तरी ऑर्डर हुडकत होतो, तर त्यात ‘आई’ दिसलं. त्याच दिवसाचं, बोटीतल्या त्या वेळंचं. कॉलच्या यादीत त्यो फोन कुठंच न्हाई, पर रेकॉर्डिंग हाय. शटर ओढून ऐकलं. वारं हाय. मेंढरं हायत. पहिली हाक हाय, दुसरी हाय.

आणि दुसरीच्या मागनं, अगदी तोंडाजवळनं, माझा आवाज हाय. “ओ आई... आलो.”

मी ओ दिली न्हाई. उदयसिंह मांडीला मांडी लावून बसलता, त्याला फोन करून इचारलं. म्हणला, नाथाजीराव, तुमच्या तोंडातनं शब्द फुटला न्हवता. पर आवाज माझाच हाय, बायकोनंबी ओळखला असता. त्या ‘आलो’च्या पुढं दोन माणसं वाळल्या गवतातनं चालत गेल्याचा आवाज हाय. आई काहीतरी बोलत चाललीया, खुशीत. शब्द कळत न्हाईत. मधनं मधनं त्यो ‘व्हय आई’ म्हणतो.

कोण हाय त्यो, मला ठाऊक न्हाई. तिला मात्र वाटत असंल, नाथाच हाय संगं.